दोन्ही टेस्ट पास होतात, मग लूपमध्ये पाणी येतं कुठून?

प्रश्न विचारणारे तासगाव तालुक्यातले आहेत, सध्या अंदमानात डायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतात. त्यांनी सेकंडहँड क्लोज्ड सर्किट रिब्रीदर घेतलाय, म्हणजे सोडलेला श्वास स्वच्छ करून, त्यात ऑक्सिजन घालून परत देणारं यंत्र. वायू ज्या बंद मार्गाने फिरतो तो लूप. श्वास घ्यायची आणि उच्छ्वासाची, दोन्ही पिशव्या पाठीवर आहेत. सुट्टीत गावी आले की मळ्यातल्या विहिरीत सराव करतात. काठावर भाऊ, पाण्यात एक मित्र. उतरण्याआधी गळती तपासायच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही टेस्ट नीट होतात. तरी अर्ध्या तासानंतर उच्छ्वासाच्या होजमध्ये गुळगुळ ऐकू येते. ४५ मिनिटांनी वर आल्यावर उच्छ्वासाच्या पिशवीतून पाव लिटरच्या आसपास पाणी निघतं, स्क्रबरच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्याच्या, तळाचा सोडा लाइम ओला होऊन चिकटलेला असतो आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तीन सेलपैकी एक सुस्त वागतो. मित्राला मधूनमधून हनुवटीजवळ बारीक बुडबुडे दिसतात. यंत्र विकणारा म्हणतो, ही श्वासाची वाफ आहे, सगळ्यांच्याच रिब्रीदरमध्ये होते. खरं काय?

खरं असं की वाफ सगळ्यांच्या रिब्रीदरमध्ये होते, पण पाव लिटर होत नाही. हे विहिरीचं पाणी आहे आणि ते बहुधा तुमच्या माउथपीसच्या रबरातून आत येतंय. दोन्ही टेस्टमध्ये ते का सापडत नाही आणि नक्की कसं करायचं, ते सविस्तर सांगतो. मी नौदलात डायव्हर होतो, आता साताऱ्यात असतो. शिकायला येणाऱ्यांची यंत्रं उघडून पाहायला मिळतात, आणि त्यांच्याकडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच आहे.

आधी हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय या विषयात प्रत्येकजण अंदाजाने बोलतो. फुप्फुसातून बाहेर पडणारा श्वास गरम असतो आणि वाफेने पूर्ण भरलेला असतो. एका घनमीटर उच्छ्वासात साधारण ४० ग्रॅम पाणी असतं. विहिरीचं पाणी २५ अंश धरलं, तर तेवढ्या थंड झालेल्या हवेत २३ ग्रॅमच मावतं. उरलेलं सुमारे १७ ग्रॅम होजच्या आणि पिशवीच्या भिंतीवर उतरतं, गरम वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसंच. मिनिटाला २० लिटर श्वास धरला तर ४५ मिनिटांत ९०० लिटर, म्हणजे घनमीटरला थोडं कमी. एकूण १५ ग्रॅमच्या आसपास पाणी झालं. खोली वाढली म्हणून हा आकडा वाढत नाही. हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं, दाबावर नाही. तो वाढतो पाणी थंड असेल तर. हिवाळ्यात २० अंशांच्या पाण्यात उतरलात तर २० ग्रॅमपर्यंत जाईल.

त्यात लाळ मिळवा. काही न करता बसलेल्या माणसाला मिनिटाला ०.३ ते ०.५ मिलिलिटर लाळ सुटते. तोंडात रबर धरलं की जास्त. नवखा असेल, जबडा घट्ट आवळून धरत असेल तर आणखी जास्त. काही गिळली जाते, काही खाली उतरते. समजा २५ मिलिलिटर उतरली.

तिसरा भाग सोडा लाइमचा. कार्बन डायऑक्साइड आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड यांची क्रिया झाली की चुनखडी तयार होते आणि पाणी सुटतं. वायूच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू. मिनिटाला एक लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर ४५ मिनिटांत ३० ते ३५ ग्रॅम पाणी होतं. पण हे पाणी उच्छ्वासाच्या पिशवीत सापडत नाही. काही दाण्यांतच मुरतं, आणि बाकीचं वाफ होऊन पुढे, म्हणजे सेल आणि श्वास घ्यायच्या पिशवीकडे जातं. याची गरज सेलविषयी बोलताना पडेल.

म्हणजे तुमच्या उच्छ्वासाच्या पिशवीत हक्काचं पाणी फार तर ४० ते ५० मिलिलिटर. मिळालं २५०. वरचं २०० मिलिलिटर बाहेरून आलंय. ते ४५ मिनिटांवर पसरा: मिनिटाला साडेचार मिलिलिटर. मिनिटाला १५ श्वास धरले तर एका श्वासामागे सहा थेंब. तुम्हाला शोधायची आहे ती गळती एवढी बारीक आहे. दर श्वासाला सहा थेंब आत ओढले गेले तर तोंडाला कळत नाही, पाण्याची चव लागत नाही, ठसका लागत नाही. मोठं भोक शोधत बसलात तर सापडणार नाही.

आता टेस्ट पास का होतात. निगेटिव्ह टेस्टला तुम्ही माउथपीसमधून हवा ओढून घेता, माउथपीसचा खटका बंद करता आणि होज चेपलेल्या राहतात का ते बघता. पॉझिटिव्हला ओपीव्ही, म्हणजे जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, आवळून लूप फुगवता आणि ती टणक राहते का बघता. दोन्ही वेळा खटका बंद असतो, आणि तोंडात धरायचं रबर त्या खटक्याच्या बाहेर असतं. म्हणजे ते रबर, त्यावरचा झिप टाय आणि रबर जिथे चढवलंय ती कड, यातलं काहीही टेस्टमध्ये तपासलंच जात नाही. पाण्यात उतरल्यावर खटका उघडतो आणि तेव्हा पहिल्यांदा हे रबर लूपचा भाग होतं. खटक्याच्या फिरत्या नळीवरची ओ-रिंगही पूर्ण बंद असताना धरते आणि पूर्ण उघडली नाही तर झिरपते. खटका उघडताना शेवटपर्यंत फिरवता का, तेही एकदा पाहा. थंडीत, हातमोजे घालून, अर्ध्यावर राहिलेला खटका मी बऱ्याच जणांचा पाहिलाय.

दुसरं कारण शरीराच्या स्थितीचं आहे, आणि तुमच्या मित्राने ते डोळ्यांनी पाहिलंय. लूपमधल्या वायूचा दाब पिशव्या ज्या खोलीवर आहेत तिथल्या पाण्याएवढा असतो. तुम्ही सरळ उभे असता तेव्हा पाठीवरच्या पिशव्या तोंडापेक्षा वीसेक सेंटिमीटर खाली असतात. तोंडाशी लूपचा दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून फटीतून वायू बाहेर पडतो आणि हनुवटीजवळ बारीक बुडबुडे दिसतात. तुम्ही आडवे झालात, तोंड खाली, पाठ वर, की उलटं होतं. पिशव्या आता तोंडाच्या वर आहेत, तोंडाशी लूपचा दाब कमी आहे, आणि त्याच फटीतून पाणी आत येतं. बुडबुडे थांबतात. पाहणाऱ्याला वाटतं गळती बंद झाली, आणि नेमकी तेव्हाच ती लूप भरत असते. टेबलावरच्या टेस्टमध्ये ही स्थितीच नसते. म्हणून बुडबुडे उभं असताना दिसतात आणि पाणी आडवं पोहल्यावर येतं, हे दोन वेगळे बिघाड समजू नका.

माउथपीस काढून हातात घ्या. झिप टाय कापा, रबर सोडवा आणि उजेडात धरून दोन बोटांनी ताणा. दात रोवायच्या दोन चकत्या जिथे मुख्य नळीला जोडल्या जातात तो कोपरा पाहा. नुसतं धरलं तर अखंड दिसतं. ताणलं की नखाएवढी चीर उघडते, कडा थोड्या पांढरट झालेल्या असतात. दुसरी जागा झिप टायच्या खालची. टायचं डोकं जिथे बसतं तिथे रबरावर दाब पडून खळगा तयार होतो आणि त्या खळग्याच्या बाजूला बारीक फट राहते. शिकायला आलेल्या एका मुलाच्या यंत्रावर आम्ही सगळ्या ओ-रिंग बदलल्या होत्या, पाणी थांबत नव्हतं. शेवटी माउथपीसच्या आत लहान टॉर्च घालून अंधारात पाहिलं, तर टायच्या डोक्याखालून उजेडाची एक रेघ बाहेर आली. नवा माउथपीस आणि नवा टाय घातला, टायचं डोकं वरच्या बाजूला फिरवलं, आणि पाणी थांबलं. सेकंडहँड यंत्राचा माउथपीस मी पाहायच्या आधीच बदलायला सांगतो. दुसऱ्याच्या दातांनी झिजलेलं रबर तुमच्या जबड्यात नीट बसत नाही, आणि ते यंत्रातल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे.

बदलण्याआधी खात्री करायची असेल तर अशी करा. माउथपीसच्या तोंडात स्वच्छ रबरी बूच घट्ट बसवा, खटका पूर्ण उघडा, ओपीव्ही आवळा, लूप टणक होईपर्यंत भरा आणि माउथपीस टबात किंवा गोठ्याजवळच्या हौदात बुडवा. मग रबर डावीकडे-उजवीकडे वाकवा, मान वळवताना जबडा जसा ओढतो तसं. स्थिर असताना काहीच दिसणार नाही आणि एका बाजूला ओढलं की बुडबुड्यांची माळ सुटेल. ही तपासणी बूच लावूनच करा. टबाशी बसून, ऑक्सिजन बंद असताना, लूपमधून श्वास घेऊन बघायचा मोह होतो. तो जीवघेणा आहे. बंद लूपमध्ये ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषून घेतो, त्यामुळे गुदमरल्याचं जाणवतच नाही आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. लूपमधून एक श्वास घ्यायचा असेल तरी यंत्र चालू, सिलिंडर उघडे आणि नजर पीओटूच्या, म्हणजे लूपमधल्या ऑक्सिजनच्या दाबाच्या, आकड्यावर.

पाणी कोणाचं हे ओळखायला कोणीतरी तुम्हाला पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सुचवेल, सांगली भागात तो घरोघरी झालाय. विहिरीचं पाणी खारवट, वाफेचं पाणी शुद्ध, मीटर फरक सांगेल, असा तो तर्क. समुद्रात तो चालतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं, लूपमधल्या पाण्याचे दोन थेंब स्टीलच्या ताटलीत वाळवले तरी कळतं. विहिरीच्या बाबतीत मीटर फसवतो. लाळेतही क्षार असतात, चांगले भरपूर, आणि पाण्यात सोडा लाइमची धूळ किंवा जंतुनाशकाचा अंश असेल तर मीटर आणखी वर जातो. आकडा मोठा आला म्हणून विहिरीचं पाणी, असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा तुलना करा. एकदा यंत्र तयार करून, अंगात घालून, कोरड्यात ४५ मिनिटं बसा. पडवीत, सावलीत, जोडीदार समोर, पीओटू दर मिनिटाला पाहत. मग उच्छ्वासाची पिशवी मोजपात्रात रिकामी करा. औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सिरिंजही चालते. हा तुमचा स्वतःचा आकडा. यात बाहेरचं पाणी असूच शकत नाही. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ पाण्यात, पण फक्त उभ्याने, गळ्याएवढ्या पाण्यापासून दोन मीटरपर्यंत. तिसऱ्या वेळी तेवढ्याच खोलीवर आडवं. दर वेळी सोडा लाइम ताजा आणि उच्छ्वासाची पिशवी, स्क्रबरचा तळ आणि श्वास घ्यायची पिशवी तिन्ही वेगवेगळी मोजायची, एकत्र ओतायची नाहीत. पाणी एकत्र केलं की शोध तिथेच संपतो. कोरड्यातला आणि उभ्यातला आकडा जवळजवळ सारखा आणि आडव्यातला एकदम मोठा आला, तर गळती तोंडाच्या उंचीवर आहे. उभ्यातलाही मोठा आला, तर ती खाली आहे, पिशव्यांच्या किंवा डब्याच्या बाजूला.

तसं निघालं तर पुढच्या जागा या. ओपीव्ही: वायू सोडताना त्याची चकती उघडते आणि बंद होताना केस, वाळूचा कण, शेवाळाचा तंतू अडकतो. टेस्टला स्वच्छ होता, पाण्यात दोनदा उघडला आणि मग गळायला लागला, असं होतं. विहिरीत शेवाळ असतंच. स्क्रबरच्या झाकणाची ओ-रिंग: भरताना सोडा लाइमचा एखादा दाणा खाचेत पडतो. भरल्यावर खाच कोरड्या कापडाने पुसायची आणि बोट फिरवून पाहायची, डोळ्यांवर विसंबायचं नाही. होजच्या घड्या: होज ओढून लांब करा आणि प्रत्येक घडीच्या तळाशी पाहा, चिरा तिथे पडतात आणि होज आखडली की मिटतात. डायल्युएंट, म्हणजे ऑक्सिजन पातळ करणारा वायू, आपोआप सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा आणि पिशवीला ज्या जागी फिटिंग बसतात त्या जागा शेवटी. निगेटिव्ह टेस्ट पास होत असेल तर त्या बहुतेक निर्दोष असतात. टेस्ट मात्र अर्ध्या मिनिटात उरकू नका. श्वासाला सहा थेंब ही गळती अर्ध्या मिनिटात दिसत नाही. होज ओढलेल्या अवस्थेत यंत्र ठेवून द्या, दरम्यान बाकीची तयारी करा आणि दहा मिनिटांनी परत येऊन बघा.

ओ-रिंगवरून एक गोष्ट आवर्जून सांगतो. गावाकडे मोटार रिवायंडिंगच्या दुकानात ग्रीस सहज मिळतं, ठिबकच्या फिटिंगला लावायची पेस्ट घरात असते. यातलं काहीही या यंत्राला लावू नका. पेट्रोलियमचं ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते. ऑक्सिजनसाठीचंच ग्रीस वापरायचं, आणि तेही ओ-रिंग नुसती चमकेल एवढंच. थापलं तर तेच धूळ धरतं.

पाण्यात असताना गुळगुळ ऐकू आली तर काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आवाज कोणत्या बाजूचा आहे ते आधी ठरवा. उच्छ्वास सोडताना आवाज आला तर पाणी उच्छ्वासाच्या होजमध्ये आहे. होजच्या घड्यांत वीस-तीस मिलिलिटर साचलं तरी आवाज होतो, म्हणजे आवाज आला म्हणून लूप भरली असं नाही. उभे व्हा, त्या बाजूची होज हाताने उचलून हलवा, पाणी पिशवीत उतरू द्या. मग उतरणं थांबवा आणि वर निघायची तयारी करा. त्यानंतर डोकं खाली पाय वर अशी स्थिती टाळायची, कारण पिशवीत साठलेलं पाणी तेव्हा स्क्रबरकडे वळतं. विहिरीचा तळ पाहायला वाकलात की नेमकं हेच होतं. तुमच्या सोडा लाइमचा तळ ओला झाला तो असाच झाला असणार.

श्वास घेताना गुळगुळ आली, तर विचार करत बसायचं नाही. पाणी स्क्रबर ओलांडून पुढे आलंय. खटका बंद करा, बेलआउटवर, म्हणजे सोबतच्या वेगळ्या सिलिंडरवर, जा, वर या. तोंडात कडू, साबणासारखी किंवा झोंबणारी चव आली तरीही तेच, आणि लगेच. सोडा लाइममध्ये मुख्यत्वे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि थोडं सोडियम हायड्रॉक्साइड असतं. त्यातून गेलेलं पाणी तोंड आणि घसा भाजतं. खटका आधी बंद करायचा, मगच तोंडातून काढायचा. नाहीतर उरलेली लूपही भरते आणि यंत्राची तरंगण्याची ताकद जाते. वर आल्यावर स्वच्छ पाण्याने खूप चुळा भरा. लिंबू, व्हिनेगर असलं काही देऊ नका, उलटी करायला लावू नका. गिळलं गेलं असेल, आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल तर सरळ मिरजेला न्या. डॉक्टरांना ‘सोडा लाइमचं पाणी’ असं स्पष्ट सांगा. भूलतज्ज्ञ हाच पदार्थ आपल्या यंत्रात रोज वापरतात, त्यांना लगेच कळेल.

ओल्या स्क्रबरचा दुसरा धोका हळू येतो. ओले दाणे वायू शोषत नाहीत, चिकटलेल्या भागाला वळसा घालून वायू कोरड्या वाटेने निघून जातो आणि कार्बन डायऑक्साइड परत तुमच्याकडे येतो. लक्षण म्हणजे धाप. थांबून, शांत राहूनही धाप कमी होत नसेल, डोकं दुखायला लागलं असेल, उगाच घाबरायला होत असेल, तर ते पाण्याचं किंवा दमण्याचं मानू नका. बेलआउट. ही धाप वाढली की बेलआउटचा रेग्युलेटर तोंडात घ्यायलाही माणसाला धीर होत नाही, म्हणून उशीर करायचा नाही.

सुस्त सेलकडे येतो. स्क्रबरमधून निघणारा वायू गरम आणि ओला असतो, सेलच्या थंड तोंडावर त्याचे थेंब बसतात. थेंबाखाली ऑक्सिजन हळू पोचतो, म्हणून सेल जुनाच आकडा दाखवत राहतो. एक सेल असा झाला तर बाकीचे दोन त्याला बाजूला सारतात. दोन सेल ओले झाले तर उलट होतं: दोन चुकीचे मिळून एका बरोबर सेलला बाद ठरवतात. ते आकडा कमी दाखवत अडकले असतील तर यंत्र ऑक्सिजन सोडतच राहतं. दहा-बारा मीटरवरही शुद्ध ऑक्सिजन धोक्याच्या पलीकडे जातो, विहीर उथळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

यावरची तपासणी म्हणजे डायल्युएंट फ्लश: लूप डायल्युएंटने धुवायची आणि सेल काय दाखवतात ते बघायचं. ज्ञात वायू, ज्ञात खोली, आकडा आधीच पाठ. इथे तुम्ही अंदमानातला आकडा वापरलात तर चुकेल. तासगाव भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब ०.९५ बार. गोड्या पाण्याचे १० मीटर म्हणजे ०.९८ बार. बेरीज १.९३, आणि डायल्युएंट हवा असेल तर या बेरजेच्या २१ टक्के म्हणजे ०.४०५. समुद्रात त्याच खोलीवर ०.४२ येतो. कॅलिब्रेशन करताना हँडसेट हवेचा दाब स्वतः मोजतो की तुम्ही घालायचा असतो, ते मॅन्युअलमध्ये पाहा. शुद्ध ऑक्सिजनला १.०० धरून कॅलिब्रेट केलंत तर इथे सगळे सेल पाच टक्के जास्त दाखवतील. फ्लश केल्यावर कोरडे सेल पाच-दहा सेकंदांत आकड्यावर येतात. जो मागे राहतो तो ओला आहे किंवा म्हातारा झालाय. घरी आल्यावर सेल काढून तोंड खाली करून एक रात्र सुकू द्या. कापडाने पुसू नका, हेअर ड्रायर लावू नका. सुकल्यावर तो चपळ झाला तर दोष पाण्याचा, नाही झाला तर सेलवरची तारीख पाहा आणि बदला.

विहिरीबद्दलही बोलणं भाग आहे. शेतीपंपाला ऑटो बसवलेला असतो, वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. वीज कधी येईल याचा भरवसा नाही. बटण बंद करणं पुरेसं नाही, फ्यूज काढून भावाच्या खिशात ठेवा, तुम्ही बाहेर येईपर्यंत. पाणी खोल गेलेल्या, वेली-झुडपांनी झाकलेल्या विहिरीत पाण्यावरची हवा कोंदट आणि ऑक्सिजन कमी असलेली असू शकते. वर आलात म्हणून तिथेच खटका बंद करून ती हवा घेऊ नका. बेलआउट सिलिंडर सोबतच हवा, काठावर ठेवलेला नाही. आणि काठावर उभ्या असलेल्या भावाने पाण्यात उडी मारायची नाही, दोर ओढायचा, हे त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

डाइव्हनंतर ओला झालेला सोडा लाइम पुन्हा वापरू नका, वरचा अर्धा कोरडा दिसला तरी. द्राक्षांच्या बुंध्याशी किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका. पिशव्या आणि होज धुऊन, जंतुनाशक लावून, परत धुऊन पंख्याखाली उभ्या टांगा. पावसाळ्यात बाहेरून कोरडी दिसणारी होज आतून दोन दिवस ओली असते. तीच तशीच जोडलीत तर पुढच्या वेळी मोजलेल्या पाण्यात कालचंही पाणी येईल.

आता क्रम असा ठेवा. आधी नवा माउथपीस आणि टाय. त्यानंतर कोरड्यात, उभ्याने, आडव्याने, अशी तीन मोजणी, दोन मीटरच्या खाली न जाता. आडव्यातला आकडा कोरड्यातल्याच्या जवळ आला की काम झालं. तरीही शंभरच्या वर राहिला तर यंत्र उघडून खेळत बसू नका, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसला पाठवा आणि मशरूम व्हॉल्व्ह (वायू एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या रबरी चकत्या), ओपीव्ही, सगळी रबरं नवी घालायला सांगा. तिन्ही आकडे आणि तिन्ही ठिकाणांचं पाणी वेगवेगळं लिहून कळवा, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.